आजोबांच्या कॉम्प्युटरची घंटी

प्रिय मृणू,

तर काल सगळ्यांत आधी आली ती वरच्या मजल्यावरची पद्मावती. ओले हात, पदर खोचलेला, पायात चपलासुद्धा नाहीत. तिला वाटलं आपल्याकडे पाहुणे आलेत, कारण खाली कुणीतरी बाई मोठमोठ्यानं इंग्रजी बोलत होती आणि थांबायचं नाव घेत नव्हती. मृण्मयी पुण्याहून एखादी गोरी मैत्रीण घेऊन आली असणार, आणि अम्मा एकटी कुठं कुठं पुरणार, असं मनाशी ठरवून धावत आली बिचारी. बघते तर घरात मी आणि तुझे आजोबा दोघंच, आणि बाई कॉम्प्युटरच्या आत. पडदा लालभडक झालेला. मी कानात बोटं घालून उभी. आजोबा खुर्चीत ताठ, दोन्ही हात मांडीवर, मोठे साहेब तपासणीला आले की बसायचे तसे. मी मघापासून म्हणत होते की बंद करा ते, पण ऐकतील तर शपथ. ती बाई सांगत होती की मशीनमध्ये रोग शिरलाय, मशीन बंद करू नका, अमुक नंबर लावा. आणि आपला माणूस सरकारी. चौतीस वर्षं सचिवालयात टायपिंग केलेलं. सूचना आली की पाळायची, मग ती कुणाची का असेना. नंबर फिरवायला मलाच सांगत होते, कारण त्यांना आता आकडे दिसत नाहीत. पद्मावतीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला. तार्नाक्याला तिच्या बहिणीकडे म्हणे अशीच बाई बोलली होती, त्यांनी नंबर लावला तर पलीकडचा माणूस दोन तास फोन ठेवूच देईना. मग तिनं सरळ भिंतीतली वायर उपटली. घरात एवढं शांत झालं की पंख्याची कुरकुर ऐकू यायला लागली. आजोबा एवढंच म्हणाले, माझी पानं आत आहेत.

पानं म्हणजे तुझ्या पणजोबांचा रोजनामचा. तुला माहीत आहे, पण तू शेवटची आलीस तेव्हा परीक्षेच्या घाईत होतीस, तर परत सांगते. मामंजी इथं कोर्टात पेशकार होते, जज्जापुढे कागद ठेवणारे कारकून. त्यांच्या लहानपणी शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, म्हणून घरात बोलायचे मराठी आणि लिहायला बसले की उजवीकडून डावीकडे. अशा नऊ वह्या भरल्यात त्यांनी. त्या वाचता येणारं आता आपल्या घराण्यात एकच माणूस उरलंय, तुझे आजोबा. आणि त्यांचे डोळे हे असे. डॉक्टर म्हणाले भिंगानं अजून वर्षभर वाचाल, पुढचं सांगता येत नाही. म्हणून रोज सकाळी व्हरांड्यात ऊन येतं तेवढा तासभर ते भिंग धरून एक पान वाचतात, दोनदा-तीनदा, तोंडपाठ झाल्यासारखं. मग आत येऊन कॉम्प्युटरपुढे बसतात आणि मोठ्यानं मराठी बोलत बोलत टाइप करतात. पडदा दिसत नाही तरी बोटांना जागा ठाऊक. बोटं इंग्रजी दाबतात आणि आत मराठी उमटतं, ते तूच तर लावून दिलंस दोन दिवाळ्यांपूर्वी. किती हसलो होतो आपण, 'गोविंद'च्या जागी आधी 'गोबी' उमटलं होतं. सहा वह्या झाल्या अशा. सातवी चालू आहे. एकदा टाइप झालेलं पान परत उघडायचं नाही असं त्यांनी ठरवलंय, कारण एकेका पानानं डोळा किती थकतो ते त्यांचं त्यांनाच कळतं. दुपारी ओला रुमाल ठेवून पडून राहतात.

आता हा रोग शिरला कसा, तर माझ्यामुळे शिरला. हे मला काल कळलं. अगं, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात बारक्या बारक्या पाट्या यायच्या. आत येऊ का, असं विचारायच्या. दोन बटणं असतात, एक निळं आणि एक फिकट. पहिल्यांदा आली तेव्हा मी काय केलं, ती अक्षरं बोटानं आजोबांच्या तळव्यावर काढली. मला एबीसीडी येत नाही पण रांगोळी येते. बघून काढायचं, त्यात काय. ते डोळे मिटून एकेक अक्षर ओळखत गेले. सगळी सकाळ गेली त्यात. शेवटी म्हणाले, कुणीतरी बातम्या द्यायला परवानगी मागतंय. मी म्हटलं मग देऊया की. निळं बटण दाबलं. तेव्हापासून कुणीही आलं की मी निळं दाबते. दारात येऊन कुणी नम्रपणे विचारतंय आणि आपण तोंडावर नाही म्हणायचं, हे मला ह्या वयात कसं जमणार? आपल्याकडे तांदूळ संपले असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढले म्हणतात. दिवा विझवायचा झाला तर शांत कर म्हणतात. त्यातून हे लोक नेमके यायचे दिवेलागणीला, आजोबा बातम्या ऐकत बसलेले असताना. मी हातातली उदबत्ती खाली ठेवून निळं बटण दाबायची. एक गेला की दोन यायचे. मला तर बरंच वाटायचं, खोटं कशाला सांगू. तू पुण्याला, तुझे बाबा दुबईला, घरात कोण येतंय? निदान कुणीतरी दार वाजवतंय.

पद्मावतीनं दारातूनच शेजारच्या नेहाला हाक मारली. ही नेहा आणि तिचा नवरा वरुण, तुमच्या पुण्याचेच. सहा महिने झाले इथं येऊन, दोघंही मोठ्या कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतात. मी म्हटलं आता काही काळजी नाही, घरचे डॉक्टर आले. वरुणनं वायर परत लावली, आवाज बंद केला, आणि कपाळाला हात लावून बसला. मला म्हणाला, आजी, मी कॉम्प्युटरचं काम करतो पण कॉम्प्युटर दुरुस्त नाही करत. मग काय करतोस रे, असं पद्मावतीनं विचारलं, तर त्यानं अर्धा तास समजावून सांगितलं आणि कुणालाच कळलं नाही. त्याच्या बायकोलासुद्धा नाही, ती तोंडाला ओढणी लावून हसत होती. तोवर मी धपाटे टाकले. त्या मुलीनं चार खाल्ले गं, बघून इतकं बरं वाटलं. शेवटी वरुणनंच नारायणगुड्याला फोन करून रशीदभाईंना बोलावलं. हे आजोबांच्या माहितीतले, पूर्वी सचिवालयात टाइपरायटर दुरुस्तीला यायचे, आता कॉम्प्युटर दुरुस्त करतात. दाढी पांढरी झाली आहे पण हात अजून तसेच चपळ. दोघं म्हातारे गळ्यात पडले. मग कुठल्या साहेबाच्या मशीनचं कुठलं अक्षर अडकायचं ह्यावर त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. मशीन बाजूलाच राहिलं. एवढी माणसं, एवढा चहा, बशीभर उस्मानिया बिस्किटं. दसऱ्यालाही एवढी वर्दळ नव्हती आपल्याकडे. मी मनातून खूश होते. आणि मनातून घाबरलेही होते, ते का ते आता सांगते.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. आजोबा टाइप करत होते आणि एकदम कॉम्प्युटरमधून टण् आवाज आला. परत एक अक्षर दाबलं, परत टण्. आजोबांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू. म्हणाले, इंदू, ह्यानं घंटी द्यायला सुरुवात केली बघ. जुन्या टाइपरायटरला ओळ संपत आली की घंटी वाजायची, ती ऐकल्याशिवाय आयुष्यभर ह्यांच्या बोटांना करमलं नाही. कॉम्प्युटर मुका आहे, मुका आहे, अशी कायम तक्रार. तो बोलायला लागला म्हटल्यावर त्यांचा वेगच वाढला. बोलायचे, दाबायचे, टण् टण् वाजायचं, आणि मान हलवायचे, की घेतलं बरं का त्यानं. मी शेजारी बसून अंबाडीची पानं निवडायची आणि ऐकायची. पडद्यावर मधोमध एक पाटी उभी असायची, ती मला दिसायची. मी म्हटलं हाही एक पाहुणा. उठून निळं दाबायची, जायची, आणि ह्यांनी दोन अक्षरं दाबली की परत हजर.

मग गेल्या आठवड्यातला मंगळवार. त्या दिवशीच्या पानावर काय निघालं असेल? मामंजी मला बघायला बिलोलीला आले होते तो दिवस. आजोबा आधी व्हरांड्यातच हसायला लागले. सांगेनात. मग कॉम्प्युटरपुढे बसून मोठ्यानं बोलत टाइप केलं. मामंजींनी लिहिलंय, मुलगी चार इयत्ता शिकलेली, उंचीला कमी, चहा गोड करते, आणि विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देऊन झाल्यावरही बोलत राहते, हे घर फार गप्प आहे, हिला न्यावी. मृणू, बावन्न वर्षांत मला कुणी हे सांगितलं नव्हतं. मामंजी माझ्याशी मोजून चार शब्द बोलायचे. मला वाटायचं माझी बडबड त्यांना सोसत नसावी. दुपारी आजोबा रुमाल ठेवून पडले आणि मी चोरपावलांनी गेले, म्हटलं ते अक्षरांत बघावं, आपलं आपण वाचावं, मराठीच तर आहे. तर ते तिथं नव्हतं. त्याच्या आधीचं पानही नव्हतं. त्याच्याही आधीचं नव्हतं. शेवटची ओळ होती ती कोर्टाच्या आवारातल्या चिंचेची, ती तर घंटी सुरू झाली त्या दिवशीची. ओळसुद्धा अर्धीच. पुढे कोरं. आणि मधोमध ती पाटी.

मी हात लावून बघितला पडद्याला. खाली वर केलं, तू शिकवलं होतंस तसं. तुझ्या बाबाला चोरून फोन केला, तो मीटिंगमध्ये होता, म्हणाला बंद करून चालू कर आई. केलं. दुसऱ्या दिवशी दोन ओळी उमटल्या आणि पाटी परत आली, आणि टण्. आजोबा पुढे बोलत राहिले, दाबत राहिले. मी शेजारी बसलेली. मला दिसतंय की काही उमटत नाही. त्यांना ऐकू येतंय की सगळं उमटतंय. सांगायचं कसं गं? तुमच्या डोळ्यांचे दोन आठवडे वाया गेले, असं? ती पाटी मात्र मी त्यांच्या तळव्यावर काढली नाही. काढली असती तर त्यांनी वाचलीच असती.

काल वरुणला हे लगेच कळलं. त्यानं एक अक्षर दाबलं, टण् वाजलं, आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला बाही धरून स्वयंपाकघरात ओढलं. मागोमाग रशीदभाईही आले, पाणी प्यायच्या निमित्तानं. वरुण म्हणाला, आजी, मी सोपं करून सांगतो. तुम्ही ज्यांना ज्यांना आत घेतलंत त्यांनी आपापलं सामान आणून टाकलं, आता आत जागाच नाही. ती पाटी तेच सांगत होती, जागा नाही, ठेवता येत नाही. आणि ती उभी असेपर्यंत खालच्या पानावर अक्षर जात नाही, नुसता आवाज येतो. रशीदभाई म्हणाले मशीन दुकानात न्यावं लागेल, सगळं धुऊन काढून नव्यानं भरावं लागेल. मी विचारलं, आणि पानं? तर म्हणाले, अम्मा, जो है सो पूरा बचा लेतूं, फिकर नक्को करो, पर जो लिखाच नै गया वो कां से लाऊं. म्हणाले आणि पाण्याचा पेला तसाच हातात धरून उभे राहिले. बाहेर आजोबा नेहाला वही दाखवत होते, हे बघ हे असं वाचायचं, हा नुक्ता, हा असा. मग त्यांनी आतल्या दिशेनं विचारलं, काय म्हणतात डॉक्टर, माझी पानं सुखरूप आहेत ना? वरुणनं रशीदभाईंच्या हातातला पेला घेऊन विसळायला सुरुवात केली. शेवटी मीच ओरडून सांगितलं, आहेत. सगळी आहेत. खोटं बोलायला मला एवढा वेळ कधी लागला नव्हता. रशीदभाईंनी जाताना मशीन नेलं नाही. म्हणाले आठ दिवसांनी नेतो, तोवर मोठ्या साहेबांना, म्हणजे आजोबांना, सांगून ठेवा, मशीन परत आल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. वायर काढून ठेवली आहे. आजोबांना वाटतं मशीनला विश्रांती दिली. आज सकाळी वाचलेलं पान त्यांनी व्हरांड्यातच बसून मला म्हणून दाखवलं, विसरू नये म्हणून. आणि मला विचारलं, तुझ्या लक्षात राहील ना गं?

आता तुला एक सांगते ते कुणाला सांगू नको. लक्षात ठेवायची गरज नाही, मी ते लिहून घेतलंय. त्या मंगळवारपासून रोज लिहिते. कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही आणली. ते बोलतात आणि मी अंबाडी बाजूला सारून लिहिते, वही मांडीवर. पेनाचा आवाज होत नाही. सगळ्यांत आधी लिहिलं ते माझं पान, ते कानात ताजं होतं. मागची काही पानंही आठवून आठवून लिहिली, सगळी नाही जमली, तीन पानं तर पार गेली. पण त्यांना वही दाखवायची हिंमत होत नाही. त्याचं कारण जुनं आहे. लग्न होऊन दोन महिने झाले असतील, मी आईला पत्र लिहिलं, चार पानी, पहिलंच. ते पोस्टात टाकायला ह्यांच्याकडे दिलं. तर ह्यांनी ते नणंदबाईंना दाखवलं आणि म्हणाले, ही पत्र लिहितेय की शाईत पाय बुडवून कोंबडी नाचवतेय. वाईट मनानं नाही म्हणाले. बावीस वर्षांचे होते, ऑफिसात सगळ्यांत सुबक टायपिंग ह्यांचं, त्याची गुर्मी असते त्या वयात. सगळे हसले, मीही हसले. पत्र पोस्टात टाकलं की नाही मी विचारलं नाही. पण त्यानंतर मी किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही. आईला निरोप पाठवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर, तोंडी. ती गेली तेव्हा तिच्या पेटीत माझं एकही अक्षर नव्हतं. हे आजोबांना आठवतही नसेल. परवा मला म्हणाले, इंदू, तू शिकलेली असतीस तर तुलाच सांगितलं असतं लिहून घ्यायला. मी अंबाडी धुवायला उठले.

म्हणून मृणू, हे पत्र. कॉम्प्युटरची तक्रार फोनवरही सांगता आली असती, पण मला बघायचं होतं की आठ पानं माझ्या हातून होतात का, आणि झाली तर दुसऱ्या कुणाला लागतात का. तुलाच लिहिलं, कारण तुला मराठी वाचायला जड जातं, अक्षराला अक्षर जोडत जातेस, लहानपणी पाट्या वाचायचीस तशी. तुला लागलं तर कुणालाही लागेल. नेहा उद्या, शनिवारी, माहेरी निघाली आहे, तिच्या हाती देते. तिला वाचून दाखवायला सांगू नको, कुठल्या मैत्रिणीलाही नको. एकटीनं वाच, दोन दिवस लागले तरी चालतील. इथपर्यंत पोचलीस तर मंगळवारी सकाळी अकराला फोन कर. त्या वेळी आजोबा फोनजवळ असतात, आणि मी आवाज मोठा ठेवते म्हणजे त्यांनाही ऐकू येतं. बाकी काही बोलू नको, रोगाचं नाही, पाटीचं नाही. एवढंच म्हण की आजी, तुझं पत्र मिळालं, सगळं वाचता आलं. ते विचारतील कुठलं पत्र, कुणी लिहिलं. मग मी वही आणेन, आणि बाकीचं जे सांगायचं आहे ते माझं मी सांगेन. वाचता नाही आलं तर फोन करू नको, मी समजेन, आणि वही डब्यांच्या मागे ठेवून देईन. रशीदभाई आणि वरुण मशीन न्यायला पुढच्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता यायचं कबूल करून गेलेत.

तुझीच,
इंदुआजी